रुळापलीकडचा कोपरा

बोरटेक स्टेशन,
७ नोव्हेंबर १९८१

तीर्थरूप भाऊंना,

सदाशिवचा नमस्कार, वहिनींनाही सांगावा. इकडे कापसाची पहिली वेचणी उरकली. तुमचीही झालीच असेल. दोन मैलांत ऊन काही बदलत नाही.

पत्र टाकण्याइतका मी लांब नाही, ठाऊक आहे. पण मी समोर आलो की तुम्ही खाटेवर कूस बदलता, मग माझंही तोंड सुटतं.

वस्ती वाढते आहे. हिरालालनं किराण्याशेजारी पिठाची चक्की टाकली. चौथीपर्यंत शाळा झाली. सत्तर साली इथं फलाट, एक कडुनिंब आणि माझी चहाची टपरी होती. तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "टेसनवर लोकं गाडीची वाट पाह्यतात, राहत नाई कोणी." तुमच्या नाकावर टिच्चून राहिलो, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

पण एक उणीव आहेच. इथं पाळणा हलतो, मांडव पडतो. माणूस मेला की मात्र तिरडी घेऊन तुमच्याच गावच्या मसणवटीत यावं लागतं. औंदा पावसाळ्यात मोतीलालच्या आईला नाल्याच्या छातीभर पाण्यातून नेलं. तेव्हापासून सगळ्यांचं म्हणणं आहे की रुळापलीकडच्या आपल्या सामाईक वावराचा पडीक कोपरा मसणवटीला द्यावा. माझा होकार आहे, तुमचा हवा. हिरालाल विचारायला आला, तर तुम्ही त्याला सुनावलं, "बापाच्या वावरात परक्यायचे मुडदे जाळू देऊ काय?"

परकं नाही, भाऊ. घाई कोणासाठी आहे, ते हिरालाल बोलला नाही, कारण मीच त्याला बोलू नको म्हटलं होतं.

रुख्मिणीचं पोट दुखतं, एवढंच तुम्हाला माहीत आहे. पोटात गाठ आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांनी दिवाळीआधीच तिला घरी न्यायला सांगितलं. आता घोटभर पेज तेवढी जाते.

मी तिला म्हटलं, तुला आपल्या गावी नेईन, आईला अग्नी दिला तिथंच. तर केवढी चिडली! "तिथं मी सून होती. इथं पह्यली चूल मी मांडली. मले वापस नेऊ नका." आणि वर म्हणते, "कोणी जळल्याबिगर गाव होते काय?" जीव जायची वेळ आली तरी बाईला गावाची पडली आहे. मला हसू आलं, मग रडूही आलं. ती गेल्यावर मला इथं राहवेल की नाही, सांगता येत नाही. ती इथंच असली तर कदाचित राहवेल.

काल संध्याकाळची गाडी थांबली, तशी तिनं विचारलं, "भाऊजी उतरले काय?" दोन मैलांवरचा माणूस गाडीनं कशाला येईल, एवढंही भान तिला उरलं नाही.

जागेला नाही म्हणायचं असेल तर म्हणा. पण इथं येऊन, तिच्या उशाशी बसून म्हणा. आणि पत्र मिळताच या.

तुमच्या पाठचा,
सदाशिव