बाबांच्या कॉम्प्युटरवरची तारीख

मयूरेश,

मेसेज केलाय, फोनही केले. तरी ही चिठ्ठी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच चिकटवतेय, कारण घरात शिरल्या शिरल्या तू आधी तो बंद करशील. बंद करू नकोस. त्यावरची तारीख वाच.

तारीख लक्षात ठेवणारी आतली छोटी बॅटरी गळून बोर्ड खराब होऊ नये म्हणून बाबांनी ती काढून टाकली. तेव्हापासून तो रोज सकाळी तारीख विचारतो आणि बाबा ती घालतात. "तारीख बरोबर घालतात ना? मग डोकं ठीक आहे त्यांचं," हे तुझंच म्हणणं. गेले तीन आठवडे ते स्वयंपाकघरात येऊन हळूच मला तारीख विचारत होते. मी सांगत होते, आणि तुला काही बोलले नाही. चुकलं माझं.

आज त्यांनी विचारलं नाही. १२ एप्रिल १९९७ घातली. आई तुला घेऊन पहिल्यांदा जपानला आल्या आणि बाबा तुम्हाला घ्यायला एअरपोर्टवर गेले, तो दिवस. आईंच्या फोटोसमोर रोज लावतात ती उदबत्तीही आज लावलेली नाही. कपाटातलं तुझं लहानपणचं लाल जॅकेट गायब आहे. त्यांचा फोन इथेच टेबलावर आहे.

स्टेशनजवळच्या कोबानमधल्या पोलिसांना बाबांचा फोटो दिलाय. मी नारिता एअरपोर्टला निघालेय, तूही तिकडेच ये. पण ते दिसले तर एकदम "बाबा" म्हणत समोर जाऊ नकोस. ते सहा वर्षांच्या मुलाला शोधत असतील.

स्वरूपा