बरडवस्तीवरची पस्तीस मिनिटं

विद्यापीठ वसतिगृह, नांदेड
१६ ऑगस्ट २०१६

प्रिय आबा,
सप्रेम जयभीम.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुम्ही ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचता, ते डोळ्यांपुढे आहे. दालमिलच्या शेडमध्ये अंधार असेल तर बाहेर उजेडात येऊन वाचा, आणि एकटे असताना वाचा. या आठवड्यात तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तुम्ही आधी विचारलंत, "जेवलीस का?" मी हो म्हणाले आणि पुढे काही बोलताच आलं नाही. कागदावर तरी जमेल असं वाटतंय.

पोती उचलून तुमची पाठ दुखते, हे मायनं सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत. वीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला या वयात हमाली झेपत नाही, हे मिलवाल्याला कळत नसेल, पण मला कळतं. गेल्या वर्षी प्रवेशाला तुम्ही माझ्याबरोबर अहमदपूरहून एसटीनं आला होतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, माझ्या कागदांची पिशवी मांडीवर धरून. वाटेत तुम्ही विचारलंत की हे लॉजिस्टिक्स म्हणजे नेमकं काय शिकायचं असतं. मी सांगितलं, माल कुठून उचलायचा, कोणत्या रस्त्यानं न्यायचा, वाया न घालवता वेळेवर कसा पोचवायचा, त्याचं शास्त्र. तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. "मंग ह्ये तर मी ईस साल करून राहिलो. मला कुनी डिग्री दिली न्हाई!" त्या दिवशी वसतिगृहाच्या फाटकाशी तुम्ही वॉचमनलाही सांगितलंत, "माझी लेक हाय. गाड्यांचं शिकून राहिली."

एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा रेणुकादास सरांनी अख्खा तास त्यावरच घेतला. सर आम्हाला पुरवठा साखळी शिकवतात. वाघिणी, म्हणजे रेल्वेचे टाकीवाले डबे, कशा धुतल्या, पाणी भरायला किती वेळ, उतरवायला किती, सगळं आम्ही फळ्यावर मांडलं. मला फार अभिमान वाटला. आपल्या दुष्काळावर आपल्याच विषयाचं उत्तर! मी लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही टँकर भरायच्या रांगेत होतात, मागं माणसांची भांडणं ऐकू येत होती. तुम्ही म्हणालात, "लई चांगलं झालं. पर रूळ संपल्यावर फुडं कोन नेतंय?" मी म्हणाले, फुडं तुम्ही नेता की. आपण दोघंही हसलो.

त्याच महिन्यात वर्गातल्या प्रत्येकाला एकेक प्रकल्प करायचा होता. एका मुलीनं टँकरचा विषय घेतला. तालुक्यातल्या सहा टँकरच्या खेपा कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे ताडून बघायचं. गाड्यांवर जीपीएस बसवलेलं होतंच. सरांच्या ओळखीनं तिला महिनाभराच्या नोंदी मिळाल्या. तिनं त्या रात्रंदिवस बसून जुळवल्या. आणि तिला दिसलं, की एक टँकर रोज दुपारच्या खेपेला ठरलेला रस्ता सोडून अकरा किलोमीटर आत जातो, यादीत नसलेल्या जागी पस्तीस मिनिटं उभा राहतो, आणि पुढच्या गावी उशिरा पोचतो. तिनं त्या जागेभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं: गळती. सर खूश झाले. म्हणाले, पुस्तकातलं सगळेच लिहितात, हे खरं काम आहे. मेच्या सुरुवातीला सादरीकरण झालं, तेव्हा पाहुणे म्हणून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी अहवालाची प्रत मागून घेतली. टाळ्या वाजल्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पंधरा दिवसांत तुम्हाला गाडीवरून उतरवलं. ठेकेदार मालकानं हात वर केले. ज्या खेपा कागदावर होत्या पण कधी झाल्याच नव्हत्या, त्याही सगळ्या तुमच्या नावावर टाकल्या. पाणी विकलं म्हणून तक्रार झाली, परवाना अडकवून ठेवला. चौकात माणसं मायला ऐकू जाईल असं बोलायला लागली.

मी सुट्टीला आले, तेव्हा स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये तुम्ही मला बरडवस्तीचं पहिल्यांदा सांगितलंत. हद्दीवरची बावीस घरं. इकडच्या तालुक्याच्या यादीत नाहीत, तिकडच्याही नाहीत. नवा जिल्हा होणार, हद्दी बदलणार, तेव्हा बघू, असं म्हणून त्यांचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. तुम्ही चहा ढवळत राहिलात. "यशू, जिल्हा कवा व्हायचा तवा होईल. मानसाला आज तहान लागती. सरजाबाई म्हातारी रोज रस्त्याला येऊन बसायची. रिकामी घागर घेऊन. काय मागायची न्हाई, नुसती बसायची. तीन दिस बघितलं. चौथ्या दिवशी वळवली गाडी." मी विचारलं, मग हे चौकशीत का सांगितलं नाहीत? तुम्ही म्हणालात, "सांगितलं की. यादीत न्हाई ती वस्तीच न्हाई म्हनले." तुमच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बरडवस्तीला एकटी जाऊन आले. फाट्यापासून चालत गेले. बावीस घरांपैकी अठरांना कुलूप. कुणी हैदराबादला, कुणी पुण्याला बांधकामावर. तुमची गाडी बंद झाल्यावर आठवडाभर त्यांनी वाट पाहिली, मग खालच्या गावच्या विहिरीवर जायला लागले. तीन किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. नागुबाई म्हणून एक बाई भेटल्या. सरजाबाई त्यांच्या चुलत सासू. मेच्या शेवटच्या आठवड्यात सरजाबाई भर उन्हात घागर घेऊन निघाल्या आणि वाटेतच बाभळीखाली बसल्या, त्या उठल्या नाहीत. नागुबाईंनी मला विचारलं, "लिंबाजीभाऊ बरे हायत का? लई दिस झालं, आलं न्हाईत. आजारी हायत का?" बरे आहेत, एवढंच मी म्हणाले. तुमची मुलगी आहे, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. पुढे फोनवर तुम्ही सरजाबाईंचं काही कळलं का विचारलंत, तेव्हाही मी माहीत नाही म्हणाले. माफ करा.

त्यानंतर मी सरांकडे गेले. त्यांनी तो अहवाल पुन्हा उघडून बघितला. म्हणाले, विद्यार्थ्याचा अहवाल आहे, त्यावर कारवाई होईल असं मला वाटलं नव्हतं, मी पत्र लिहितो. त्यांनी लिहिलंही. मीही दोन अर्ज दिले, बावीस घरांची नावं जोडून. उत्तर आलं की प्रकरण चौकशीत आहे आणि टँकर योजना पावसामुळे बंद झाली आहे. आता ओढ्यांना पाणी आहे, आबा. कुणालाच टँकरची आठवण नाही.

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, की सोमवारी चौकशीची शेवटची तारीख आहे, अहवालाची प्रत तुमच्या हातात देणार आहेत, तर मी यावं. मी शिकलेली, मी तो वाचावा आणि त्यातलं खोटं काय ते साहेबांना दाखवून द्यावं. "आपली लेक त्याच इद्येची हाय, म्हनलं, बघतेच ती." आबा, त्या अहवालात खोटं काही नाही. अकरा किलोमीटर खरे आहेत, पस्तीस मिनिटं खरी आहेत. गाडीचा नंबर मी नोंदींच्या पहिल्याच पानावर ओळखला होता. लहानपणी टँकरच्या मागं त्याच नंबरखाली तुम्ही मला अक्षरं गिरवायला लावली होती, मी तो कसा विसरेन? मी एक फोन केला असता, आबा, दुपारी कुठं थांबता, एवढं विचारलं असतं, तरी तुम्ही सांगितलं असतंत. मी विचारलं नाही. कारण मला वाटलं, तुम्ही पाणी विकता. माझ्या फीसाठी विकत असाल असं वाटलं, तुमची लाज वाटली, आणि तरीही तो लाल गोल मी पुसला नाही, कारण त्याच्याशिवाय माझ्या प्रकल्पात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. नुसता गाडीचा नंबर आहे, कोण बघतंय, असं मनाला सांगितलं. सोमवारी मी येईन. साहेबांसमोर बरडवस्तीचं सगळं सांगेन, पण निकालाच्या कागदावर आधीच सह्या झाल्यात असं कचेरीतल्या माणसानं मला सांगितलंय, आणि सरजाबाई तर गेल्याच. तुम्ही परवा फोन ठेवताना म्हणालात, ह्यो कागद लिवनारा मानूस मला एकदा बघायचाय, त्याला काय इचारायचं न्हाई, नुसतं बघायचंय. प्रतीच्या पहिल्या पानावर त्याचं नाव आहे. ते दुसऱ्या कुणी तुम्हाला वाचून दाखवण्याआधी मी लिहिते आहे.

तुमचीच,
यशोधरा लिंबाजी