तिसऱ्याला न विचारता

त्सुकुबा,
८ फेब्रुवारी २०२६

ती. बाबांना,
कस्तुरीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. ऑपरेशननंतर अक्षर थोडं थरथरतंय, पण ओळी अजून सरळ आहेत, हे पाहून बरं वाटलं. शेजारच्या राधिकाताईंना सोबत घेऊनच फिरायला जा. चढावर जाऊ नका. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून तुम्ही पत्र लिहिता, हे माझ्या पथ्यावरच पडलं आहे. काही गोष्टी फोनवर मला बोलता आल्या नसत्या.

ओवी मजेत आहे. तुमच्या पत्रातला तिच्यापुरता भाग वाचून दाखवला. तिनं उत्तर जपानीत दिलं आणि वर मलाच सांगितलं, ‘आजोबांना मराठीत लिही.’ तर कळवते, की तिचा पुढचा दात पडला आणि नव्या शाळेत तिला ससे सांभाळायचं काम मिळालंय. इथे थंडी कोरडी आहे. डोंगरावरून असा वारा येतो की सायकलवरून उतरून ती ढकलत न्यावी लागते.

तुम्ही माझ्या कामाबद्दल विचारलंत. काम तेच, १९४१च्या एप्रिलमधला जपान आणि सोव्हिएत संघाचा तटस्थतेचा करार. रशियन आणि जपानी कागद शेजारी ठेवून वाचायचे आणि कोण काय बोललं, कोणी काय लिहून ठेवलं, ते ताडून बघायचं. पुण्यात रशियन शिकले तेव्हा ती त्सुकुबात उपयोगी पडेल असं कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

‘दोन वैरी सही करतात तेव्हा एकमेकांवर थोडा तरी विश्वास असतो का?’ असं तुम्ही विचारलंय. इतिहासाच्या मास्तरांचा प्रश्न. बाबा, कागदांत तरी मला तो दिसत नाही. दोनच वर्षांपूर्वी मंगोलियाच्या सीमेवर त्यांची माणसं एकमेकांना मारत होती. जपानला दक्षिणेकडे जायचं होतं, रशियाला जर्मनीची धास्ती होती. दोघांनाही पाठीमागून धोका नको होता, एवढंच. जूनमध्ये जर्मनी रशियात घुसला, तर इथे टोकियोत लगेच खल सुरू झाला, की आता आपणही मागून वार करावा का. शेवटी करार मोडला तो रशियानं, चार वर्षांनी.

त्या करारासोबत एक घोषणाही होती. मांचुरियाला रशिया हात लावणार नाही आणि मंगोलियाला जपान. मांचुरिया चीनचा. चीनला कुणी विचारलंच नव्हतं. हा भाग मी आणि लारिसानं मिळून वाचला.

लारिसा तुम्हाला आठवत असेल. गणपतीत व्हिडिओ कॉलवर मोदक दाखवणारी, पांढऱ्या केसांची. मूळची खाबारोव्स्कची, पण वीस वर्षं जपानातच आहे. एकटी राहते. संस्थेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि टोकियोत ओजिमाच्या आपल्या घरी महिन्यातून एकदा तरी जेवायला यायची. तुमचा अंबरीष तिला मुद्दाम तिखट वाढायचा आणि ती मुद्दाम खायची.

ऑक्टोबरात ती यायची थांबली. कधी गुडघा दुखतोय, कधी गाडी चुकली. अंबरीषनंही तिचं नाव घेणं सोडलं. मी विषय काढला की तो ओवीचा अभ्यास घ्यायला बसायचा. दोन माणसं एकाच वेळी गप्प झाली की तिसऱ्याच्या मनात काय येतं, ते तुम्हाला सांगायला नको.

नोव्हेंबरात अंबरीष कामासाठी कोबेला गेला होता. त्याच दिवशी दुपारी मी त्सुकुबा स्टेशनजवळ छत्री घ्यायला उतरले, तर कॉफीच्या दुकानात काचेपलीकडे तो बसलेला. समोर लारिसा. ती खाली बघत होती, तो हळू आवाजात काहीतरी समजावत होता. मी आत गेले नाही. का नाही गेले, ते अजून कळत नाही. संध्याकाळी तो घरी आला, कोबेत वारा फार होता म्हणाला आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. डब्यावर कोबे बंदराचं चित्र होतं. तसले डबे टोकियो स्टेशनवर हारीनं मांडलेले असतात. ओवीनं ती बिस्किटं दोन दिवसांत संपवली. मी एकही खाल्लं नाही.

बाबा, सासऱ्यांना लिहू नये असं लिहितेय, पण तो महिनाभर मी अंबरीषचे शर्टसुद्धा हुंगून पाहिले. लारिसाचं वय काय, माझ्या मनात येतंय काय, कशाचीच शुद्ध नव्हती.

शेवटी डिसेंबरात चहाच्या वेळी मी तिला सरळ विचारलं. रशियनमध्येच विचारलं, आजूबाजूला कुणाला कळू नये म्हणून. तिनं कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. अंबरीषच्या कंपनीला एक नवं काम मिळालं होतं, सरकारी सुरक्षेशी जोडलेलं. त्या कामावर येणाऱ्यांना घरच्यांच्या परदेशी ओळखींबद्दल विचारत होते. ऑक्टोबरात त्यानं तिला सांगितलं, की तुम्ही कस्तुरीला संस्थेबाहेर भेटू नका, म्हणजे मी तुमचं नाव कुठे घेणार नाही. तिनं कबूल केलं. नोव्हेंबरात ती डळमळली, तेव्हा कॉफीच्या दुकानात त्यानं तेच पुन्हा समजावलं. मला कळू द्यायचं नाही, हेही दोघांनी मिळूनच ठरवलं.

‘तुला विचारायला हवं होतं,’ ती म्हणाली. ‘पण माझं कंत्राट एप्रिलमध्ये संपतंय. मी घाबरले.’

खरं सांगू? मला आधी हायसं वाटलं. नवरा माझाच आहे, एवढंच डोक्यात शिरलं. राग नंतर आला, आणि तो दोघांवरही आला. घरी येऊन अंबरीषला विचारलं तर त्यानं नाकारलं नाही. नाव दिलेलं नाही, वचन पाळलंय, असं ओवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. मी विश्वास ठेवला.

जानेवारीत लारिसाला कळवलं गेलं, की तिचं कंत्राट पुढे चालू राहणार नाही. आमचे प्रोफेसर मोरिता-सान मान खाली घालून एवढंच म्हणाले, की निर्णय वरून आलाय. कंत्राट नाही म्हणजे व्हिसाही फार दिवस नाही. तिचं खाबारोव्स्कमध्ये आता कुणी उरलेलं नाही. शिवाय या चार वर्षांत ती इथे रशियाच्या आत्ताच्या युद्धाविरुद्ध जे बोलली, जे तिनं लिहिलं, त्यानंतर तिकडे परत जाणं सोपं नाही.

त्या संध्याकाळी मी अंबरीषला पुन्हा विचारलं. त्यानं आधी खिडकी लावून घेतली.

‘नाव मी सप्टेंबरातच दिलं होतं,’ तो म्हणाला.

‘मग त्यानंतर तिला वचन कशाला दिलंस?’

‘ती घरी येत राहिली असती तर मला पुन्हा विचारलं असतं. मला ओवीची शाळा दिसत होती, कस्तुरी. आपला व्हिसा दिसत होता.’

त्याच्या सांगण्यामुळेच लारिसाचं काम गेलं, असं मी म्हणू शकत नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. तसा कुठलाही धागा सापडत नाही आणि तो नाही अशी खात्रीही होत नाही. अंबरीष दुष्ट नाही, हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. तो घाबरला होता. पण ओवीच्या डोक्यावर हात ठेवताना तो घाबरलेला नव्हता. अगदी शांत होता.

म्हणून मी आणि ओवी इथे त्सुकुबात दोन खोल्या घेऊन राहतोय. कामाच्या सोयीसाठी नाही.

तुमची तब्येत पूर्ण सुधारेपर्यंत तुम्हाला काही सांगायचं नाही, असं निघताना माझं आणि अंबरीषचं ठरलं होतं. मलाही ते पटलं होतं. पण तुमच्या पत्रात शेवटी ते वाक्य आहे ना, ‘संशोधन मोठं असतं, पण त्यासाठी घर सोडून राहण्याआधी ओवीचा विचार करायचा होतास’, ते वाचून मी थांबले. तुम्ही प्रेमानंच लिहिलंत. पण मी संशोधनासाठी घर सोडलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल, ते मला कळलं. आमचं काही न सांगायचं ठरलं होतं. खोटं सांगायचं ठरलं नव्हतं.

हे लिहिताना मी स्वतःलाही तपासतेय. तुम्हाला माझ्या बाजूला ओढण्यासाठी तर मी हे लिहीत नाही ना? थोडं तसंही असेल. तुम्ही त्याला जाब विचारा असं मी म्हणत नाही, विचारू नका असंही म्हणत नाही. मोरिता-सानना मी लेखी विचारलंय, की निर्णय कुणाचा आणि का. उत्तर आलेलं नाही. ते विचारल्यावर माझ्याशीही काहीजण जपून बोलू लागले आहेत. लारिसा दुसऱ्या गावी नोकरी शोधतेय. रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते. आम्ही दोघी आता बोलण्याआधी शब्द निवडतो.

अंबरीष शनिवारी ओवीला भेटायला येतो. दारात बूट काढताना माझ्याकडे बघतो, तेव्हा मला त्याची कीव येते आणि लगेच वाटतं, हेही त्यानं ठरवून केलं असेल का. असं वाटणं कधी थांबेल, ते माहीत नाही. थांबलं तर मी ओजिमाला परत जाईन. तोवर नाही.

औषधं वेळेवर घ्या. हे पत्र वाचून छातीत काही जाणवलं तर माझ्यावर रागवा, पण डॉक्टरांकडे जा.

खाली नावाआधी तुमची कोण म्हणून लिहावं, यावर पेन अडलं. जे लिहितेय, ते आज खरं आहे म्हणून लिहितेय. उद्याची हमी देत नाही.

तुमची सून,
कस्तुरी