म्हाताऱ्यांनीही उभं राहायचं

लाडक्या ऑर्फाला बोस्टनहून थोरल्या बहिणीचा पापा.

मी ठणठणीत आहे. तुझं पथ्य चालू आहे, की चोरून लोणी खातेस?

नात टॅम्सिन इथल्या आपल्या युनिटेरियन पंथाच्या तीन चर्चमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग चालवतेय, पाळण्यातल्या पोरापासून म्हाताऱ्यांपर्यंत. आपल्यात पंधराव्या वर्षी मुलं चर्चमध्ये उभी राहून आपला कशावर विश्वास आहे ते सांगतात ना, ते आता म्हाताऱ्यांनीही सांगायचं!

"आजी, या रविवारी तू."

"अगं, मी चौथीत शाळा सोडली."

"ही शाळा मरेपर्यंत सुटत नाही, आजी."

तोंडाळ कार्टी. माझ्यावरच गेलीय.

रविवारी तिन्ही चर्चची माणसं जमली होती, त्यांच्यासमोर उभी राहिले. देव कसा असतो, मेल्यावर काय होतं, काहीच सुचेना. शेवटी म्हटलं, "गुरुवारी माझ्या धाकट्या बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. ती घरी येईल आणि माझ्या सूपला नावं ठेवेल, असा माझा विश्वास आहे."

कुणी हसलं नाही. एका मुलीने तुझ्या नावाची मेणबत्ती लावली.

बुधवारी पोहोचतेय. तीन चर्चच्या माणसांसमोर बोलून बसलेय, ऑर्फा. मला खोटं पाडू नकोस.

तुझी थोरली,
ल्युराना