राजानं तळं बुजवलं तेव्हा

हॅनोव्हर,
९ मे

प्रिय आई,

हे पत्र तुमच्या शेजारची तनया तुम्हाला आणून देईल. मी हातानं लिहितेय, पानांचे फोटो तिला पाठवीन आणि ती ते मोठ्या अक्षरांत छापून घेईल. तुमच्या फोनवर पाठवलं असतं तर दुसऱ्याच पानावर तुम्ही चष्मा काढून तुमच्या लेकाला, सत्यजितला फोन लावला असता, आणि पुढची पानं वाचायची राहून गेली असती. एवढी तर मी तुम्हाला ओळखते. तेव्हा आई, आधी सगळं वाचा. मग कोणाला फोन करायचा ते ठरवा.

सत्यजितनं तुम्हाला काहीही सांगितलं असलं तरी माझा घसा बसलेला नाही. तनयाकडून कळलं की तीन आठवडे तुम्ही काळजीत आहात, आणि ज्येष्ठमधाच्या कांड्या कुरियरनं पाठवायला निघाला होतात. मला काहीही झालेलं नाही. मी बोलते, जेवते, काल तर मेथीची भाजीसुद्धा केली.

गेल्या सप्टेंबरात तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्हाला पडल्या पडल्या कंटाळा येतो म्हणून तनयानं ती मालिका लावून दिली होती. दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन आला. "शमिका, अगं ऐक, एक कोरियन बाई गाडीसकट तळ्यात पडली आणि वर आली ती थेट राजाच्या बागेत! चारशे वर्षं मागे!" तुम्ही इतक्या हसत होतात की टाके दुखतील म्हणून मला भीती वाटली. ती बाई गाडी चालवायला शिकवणारी. गळ्यातली शिट्टी तेवढी तिच्याबरोबर आली, आणि राजवाड्यात दोन पालख्या समोरासमोर येऊन अडल्या की ही शिट्टी वाजवून भोयांना डावीकडून चालायला लावायची. प्रधानाच्या पालखीला तिनं दंड केला, तो भाग आपण दोनदा पाहिला. तिचं नाव आपल्या दोघींनाही कधी धड म्हणता आलं नाही. तुम्ही तिला 'आपली ड्रायव्हिंगवाली' म्हणायचात, आणि राजाला 'तो टोपीवाला'.

मग रोजचंच झालं. माझे सकाळचे अकरा आणि तुमची जेवण आटोपून आडवं व्हायची वेळ. व्हिडिओ कॉल लावून "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि दोघींनी एकदम मालिका सुरू करायची. तरी तुमची चार-पाच सेकंद पुढेच असायची. तुम्ही आधी हसायचात, मग माझ्याकडे तो विनोद यायचा. आई, त्या घरात दिवसभरात माणसाचं हसणं तेवढंच होतं. लग्नाआधी पुण्याला लॅबमध्ये सकाळपासून पन्नास माणसांचं रक्त काढणारी मी, चाळीस मिनिटांच्या एका भागासाठी आदल्या संध्याकाळपासून वाट बघायचे.

तुम्ही रोज विचारायचात, "आज फिरून आलीस का गं?" आणि मी म्हणायचे, "हो, कालव्यापर्यंत गेले होते." हे खोटं होतं. दोन वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलले.

वोल्फ्सबुर्गच्या त्या फ्लॅटचं दार तुम्ही फोनवर पाहिलंय, पांढरं, साधंच. त्याला बाहेरून मूठ नाही. दार ओढलं की बंद, आणि मग किल्ली असेल तरच उघडतं. इथली सगळी दारं तशीच असतात. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यातच सत्यजित म्हणाला, दुसरी किल्ली हरवली. नवी करायची तर घरमालकाला सांगावं लागेल, अख्ख्या इमारतीची कुलपं बदलावी लागतील, उगाच आपलं नाव खराब होईल. किल्ली एकच, आणि ती त्याच्या खिशात. तो सकाळी साडेसहाला कारखान्यात जायचा, संध्याकाळी सहाला यायचा. दाराला कुलूप नसायचं, मी कधीही बाहेर पडू शकत होते. फक्त परत आत येता आलं नसतं. हे मी कोणाला सांगणार होते? नवऱ्यानं कोंडलं म्हणावं, तर कोंडलेलंही नव्हतं. शनिवारी तो स्वतः गाडीनं दुकानात न्यायचा, वाटेत आइस्क्रीम घेऊन द्यायचा. जर्मनच्या वर्गाचं काढलं की "आल्झो, बघू, थंडी संपू दे" म्हणायचा. आपलं लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, नंतर परीक्षा द्यावी लागते. ते सहा महिने कसे गेले कळलंच नाही. पहिल्या वर्षी मी तुमच्याजवळ एकदा म्हटलं होतं, घरात जीव घुसमटतो. तुम्ही म्हणालात, "नवीन देश आहे, सवय होईल." खरं सांगू? झाली होती.

नोव्हेंबरात मी कचरा टाकायला खाली गेले होते. दारात चप्पल अडकवून ठेवली होती. जिन्याची खिडकी उघडी होती, वारा आला, चप्पल सरकली आणि दार लागलं. फोन आत. अंगात गाऊन, पायात एकच चप्पल. दुपारी दोन ते सहा मी जिन्यात बसून होते. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेकर, ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांनी मला आत बोलावलं. मी गेले नाही, तो आला आणि मी दारात दिसले नाही तर, या भीतीनं. मग त्यांनी खुर्ची, घोंगडी आणि चहा जिन्यातच आणून दिला. मला जेवढं जर्मन कळतं तेवढ्यात त्या एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होत्या, तुझी किल्ली कुठे आहे? मी सांगितलं, एकच आहे. त्यांनी बोटं दाखवली. तीन. या इमारतीत प्रत्येक घराला तीन मिळतात. सत्यजित आला, हसला, माझे पाय स्वतःच्या हातांनी गरम पाण्यात ठेवले. रविवारी मित्रांना सांगताना म्हणाला, "आमची राणीसरकार कचऱ्याबरोबर बाहेर पडली." सगळे हसले. मीही हसले.

मग फेब्रुवारीत तो भाग आला. आपली ड्रायव्हिंगवाली पौर्णिमेची वाट बघत होती, कारण पौर्णिमेला ते तळं उघडणार आणि ती घरी जाणार. सकाळी शिट्टी घेऊन बागेत आली तर तळंच नाही. राजानं रातोरात माणसं लावून ते बुजवलं होतं आणि वर फुलझाडं लावली होती. गुडघे टेकून तो तिला म्हणाला, तुझ्याशिवाय हे राज्य काय कामाचं! मागे गोड संगीत सुरू झालं, फुलं उडायला लागली. त्या दिवशी तुमच्याकडून हसू आलं नाही. मला वाटलं नेट गेलं. मग तुमचा आवाज आला, "मेल्यानं तळं बुजवलं की गं."

तुम्ही मालिका थांबवलीत, आणि लग्नाला सव्वादोन वर्षं झाल्यावर मला पहिल्यांदा ती गोष्ट सांगितलीत. सत्यजित चार वर्षांचा असताना कराडच्या कन्याशाळेतून तुमची शिक्षिकेची ऑर्डर आली होती. ती मामंजींच्या हाती पडली आणि त्यांनी परस्पर कळवून टाकलं, उमेदवार इच्छुक नाही. तुम्हाला कळलं सहा वर्षांनी, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका एका लग्नात भेटल्या तेव्हा. घरी येऊन तुम्ही विचारलंत, तर ते म्हणाले, "तुला काय कमी होतं?" तुम्ही म्हणालात, "मला उत्तरच सुचलं नाही गं. खरंच काय कमी होतं?" आणि मग, "सत्यजितला यातलं काही बोलू नकोस, त्याचे वडील म्हणजे त्याचा देव."

आई, त्याच क्षणी मला सगळं सांगायचं होतं. तुम्ही डोळे पुसत होतात, आणि मला वाटलं, ह्या बाईला अजून एक ओझं नको.

मार्चमध्ये इन्शुरन्सचं कार्ड शोधताना कपाटावरचा त्याच्या बर्फातल्या बुटांचा खोका काढला. उजव्या बुटात मोजा होता आणि मोज्यात दोन किल्ल्या. कडीला आमच्या घराचा नंबर. किल्ल्या परत मोज्यात ठेवल्या, खोका होता तसा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यातली एक घेतली, खाली उतरले आणि कालव्यापर्यंत चालत गेले. तुम्हाला दोन वर्षं जे सांगत होते ते पहिल्यांदा खरं केलं. तासाभरानं परत आले, किल्ली जागेवर. नऊ दिवस मी हेच केलं. दहाव्या दिवशी जेवताना विचारलं, "सत्यजित, ती दुसरी किल्ली खरंच कधी सापडलीच नाही का रे?" मला मनापासून वाटत होतं की त्यानं सांगावं. चिडून सांगावं, लाजून सांगावं, काहीही कारण द्यावं. मी त्या घरातच राहिले असते. त्यानं पोळीचा तुकडा मोडला, वर बघितलंसुद्धा नाही. "हरवली गं ती. किती वेळा सांगू?" आणि मग म्हणाला, "आमटी छान झालीय."

मारहाण नाही, शिवी नाही. ताप आला की रात्रभर डोकं चेपून देणारा माणूस आहे तो. म्हणूनच आई, मला निघायला अजून महिना लागला.

इथे हॅनोव्हरला मैत्री नावाची एक मुलगी राहते. नागपूरची आहे, संशोधन करते. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात गेल्या वर्षी आमची ओळख झाली होती, आणि तिनं माझ्या फोनमध्ये आपला नंबर 'ब्लाउजवाली' म्हणून टाकून दिला होता. तेव्हा मी नुसती हसले होते, असं का ते विचारलं नव्हतं; सत्यजितनं फोन पाहिला तरी त्याला शंका येऊ नये म्हणून, हे नंतर कळलं. एप्रिलच्या अठरा तारखेला सकाळी तो गेल्यावर मी तिला फोन केला. पासपोर्ट, माझी सर्टिफिकेटं आणि चार कपडे घेतले. टेबलावर चिठ्ठी ठेवली की मी सुखरूप आहे, मैत्रीकडे जाते आहे, आणि दोन्ही किल्ल्या मला सापडल्या होत्या. फ्राऊ बेकर स्टेशनपर्यंत चालत आल्या, काठी टेकत. गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभ्या होत्या.

सगळं सुटलं असं समजू नका. माझा इथे राहण्याचा परवाना नवऱ्याच्या आधारावर आहे. तीन वर्षं एकत्र राहिलं तर तो माझा स्वतःचा होतो, आणि आमची अडीच झाली आहेत. मैत्री मला एका वकीलबाईंकडे घेऊन गेली होती. त्या म्हणाल्या, प्रयत्न करू, खात्री देत नाही. म्हणजे थांबले तर इथे राहता येईल की नाही ठाऊक नाही, पुण्याला गेले तर माझे आई-बाबा दुसऱ्या दिवशी मला त्याच्याकडे परत पाठवायला बघतील. मैत्रीच्या छोट्या खोलीत खिडकीशी बसले की कधी कधी वाटतं, तिकडे निदान पुढचा दिवस कसा जाणार हे माहीत तरी होतं. पण सोमवारपासून जर्मनचा वर्ग सुरू झालाय. वर्गात सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलते म्हणे.

आता हे पत्र का, ते सांगते. सत्यजितनं तुम्हाला सांगितलंय की शमिका फार अशक्त झालीय, तू तीन महिने ये. तिकीट सत्तावीस तारखेचं आहे, हेही तनयानं सांगितलं. माझ्याकडे तो तीनदा येऊन गेला, तीनदा मी नाही म्हणाले. शेवटच्या वेळी जिना उतरताना म्हणाला, "आई येतेय. तिच्यासमोर म्हण नाही." त्याला बरोबर माहीत आहे. तुम्ही ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन मैत्रीच्या दारात उभ्या राहिलात आणि "चल गं घरी" म्हणालात, तर मी बॅग भरेन. माझ्या आईला मी नाही म्हणू शकते, तुम्हाला नाही. या देशात आल्यापासून मला सगळ्यांत जास्त कोणाला भेटावंसं वाटलं असेल तर ते तुम्हाला. तुमच्या मुलाविरुद्ध एक शब्द बोला असं मी मागत नाही, माझी बाजू घ्या असंही नाही. एवढंच मागते. आई, येऊ नका.

तुमचीच,
शमिका