कडेवरची पोट्टी

बाबूजी,

तुमची नात काल चालली. आपल्या पायांनी, भर गल्लीत, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी! तुम्ही असता तर म्हणाला असता, "पोट्टे चालतातच, त्यात सांगाचं काय?" म्हणून आधीच सांगून ठेवतो, मध्ये बोलायचं नाही. काल संध्याकाळपासून मी भेटेल त्याला हे सांगत सुटलोय. चौकातल्या पानवाल्याला सांगितलं, मोटार न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, दूधवाल्याला तर दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "हाँ भैया, मालूम है, सबके बच्चे चलते हैं." सबके चलते असतील. माझी चालत नव्हती. आता सांगायचे राहिलात फक्त तुम्ही, आणि तुम्हाला तर सगळंच पहिल्यापासून सांगावं लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होतो आणि मला धड मिशाही फुटल्या नव्हत्या.

तर ऐका. शेत काकाकडे आहे. मी गोंदियाला लागून फुलचूरला राहतो. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे, शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी मी नव्या तारेनं भरून देतो. माय माझ्याजवळच असते, तिचे गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. तुमची सून गोरेगावकडच्या एका खेड्यात शाळेत शिकवते, सकाळच्या एसटीनं जाते ती दिवे लागायच्या आत परत येते. मग दिवसभर पोट्टीला कोण पाहणार? मायच्यानं तिच्यामागं धावणं होत नाही. राहिलो मी. अख्ख्या गल्लीत दिवसा पोर सांभाळणारा बाप मी एकटाच. सुरुवातीला लोक दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणायचे, "काऊन गा, बायको नोकरीवर अन् तू बाई झाला का?" मी म्हणायचो, "झालो. मोटार दाखवा."

पोट्टी सांभाळणं म्हणजे काय, ते तुम्हाला कुठून माहीत असणार! एसटी गेली की आमच्या बाईसाहेबांचा दरबार भरतो. भात भरवायला गेलो की तोंड घट्ट मिटते, आणि तोच भात खाली सांडला की एक एक शीत वेचून खाते. माझा टेस्टर वरणाच्या भांड्यात सापडतो. नवा मोबाईल तिनं बादलीत बुडवून आंघोळ घालून दिला, आणि वर माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. बाजारात फुग्यासाठी रस्त्यात आडवी पडते, फुगा दिला की तो नको, फुगेवाल्याची अख्खी काठीच पाहिजे. एकदा एक म्हातारा शेतकरी भावासाठी घासाघीस करत होता, तेवढ्यात हिनं माझ्या खांद्यावरून थेट पाठीपर्यंत शू केली. तो बिचारा लगेच थांबला. म्हणाला, "राहू द्या जी, सांगाल तेवढं देतो. तुमच्या मागे पयलेच लय हाये." शब्द तिला एकच येतो, 'ना'. जेवतेस? ना. झोपतेस? ना. बाबा आवडतो? ना! आणि असं ना-ना म्हणता म्हणता गळ्यात हात टाकून गालाला गाल घासते, तेव्हा आत काय होतं ते मला लिहिता येत नाही. मी तार गुंडाळणारा माणूस.

होता होईतो मी तिला खाली ठेवतच नव्हतो, बाबूजी. एका कडेवर ती, दुसऱ्या हातात पक्कड. तार गुंडाळायला दोन्ही हात लागतात, तेव्हा तुमच्या सुनेच्या जुन्या सुती साडीनं तिला पाठीशी बांधायचो. ती मागून माझे कान ओढायची, केसांत बिस्कीट चोळायची, आणि मी खुशीत गाणी म्हणायचो. मला वाटायचं, बाप असावा तर असा!

आणि पोट्टी पावणेदोन वर्षांची होऊन गेली तरी पाऊल टाकेना. रांगायची, बुडावर सरकत अख्खं घर पालथं घालायची, पण चालायचं म्हटलं की खाली बसकण. तिच्याहून लहान पोरं गल्लीत धावायला लागली. शेजारच्या बायका आधी विचारायच्या, "चालली का?" मग विचारेनाशा झाल्या, ते जास्त लागायचं. कोणी म्हणे तिळाच्या तेलानं मालीश करा, कोणी म्हणे ओल्या वाळूत उभी करा. तुमची सून शाळेतून आली की पिशवी खाली टाकायच्या आधी तिचे पाय दाबून बघायची. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काही कमी असेल का हो तिच्यात?" आणि पुढची पोळी जळाली. माझीही झोप उडाली होती. मी तिला तसं सांगितलं नव्हतं, एवढंच.

शेवटी गोंदियाच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय वाकवून पाहिले, टाचेला गुदगुल्या केल्या, ती खिदळली. टेबलावर उभी केली तर चांगली खांबासारखी उभी राहिली! मग तिनं माझ्याकडे हात पसरले आणि मी झटकन उचलून घेतली. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पैर में कुछ नहीं है. घर में इसको उठाता कौन है?" मी म्हणालो, "मैं." "कितना?" मी तिला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. ते म्हणाले, "समझ गया. दवा नहीं लिख रहा हूँ. बस नीचे रखो."

आनंदानं नाचायला पाहिजे होतं, पण मी तापलो. तुमच्यावरच गेलोय ना. घरी आलो तर माय ओसरीत बसली होती. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून तिला काहीच नवल वाटलं नाही. "मी कवापासून सांगून राहिली. तिले पाय कायले पाहिजेत? तुये दोन हायेतच ना!" मी ओरडलो, "मग काय बाबूजीसारखा लांब उभा राहून बघत राहू?" एरवी माय चिडली की तिच्या पोवारी बोलीत सुरू होते आणि गल्ली ऐकते. त्या दिवशी नुसती उठून आत गेली.

आता इथवर आलोच आहे तर बोलतो. आपल्या घरात वडिलांसमोर स्वतःच्या पोराला उचलायची रीत नव्हती. उचललं तर बेशरमपणा. आणि आजोबा तर दिवसभर ओसरीतल्या बाजेवरच. पण भावाच्या पोराला उचललेलं चालायचं! पोळ्याला बैल बघायला निघालो की काका मला खांद्यावर घ्यायचे आणि तुम्ही काकाच्या पोराला. मी काकाच्या डोक्यावरून तुमच्याकडे बघत जायचो. तो तुमच्या पागोट्याचा शेव ओढायचा आणि तुम्ही हसायचे. मला वाटायचं, आपल्याला चुकून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलंय, पुढच्या वर्षी बदलतील.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलांचे खांदे हळद-तूप लावून चोळायचे, किती वेळ, किती हळुवार! आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी गोठ्याच्या दाराशी उभा. खरं सांगतो, मला त्या बैलांचा हेवा वाटायचा. आणि एकदा मी बैलबंडीवरून पडलो, हनुवटी फुटली, आठवतं? ती खूण अजून आहे, दाढी करताना रोज हाताला लागते. तुम्ही अंगणात होतात. माझ्याकडे धावलात, आणि मध्येच थांबून मागं ओसरीकडे पाहिलंत. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अवो, पोट्टा पडला, पाहा!" माय पिठाच्या हातांनी धावत आली. पीठ आणि रक्त एक झालं. म्हणून मी ठरवलं होतं, माझं पोर कधी खाली राहणार नाही. ठरवलं आणि केलं, आणि बघा, पोरीला लुळी करून बसलो होतो!

तर काल तान्हा पोळा. मी गोंदियाच्या बाजारातून चाकांचा लाकडी बैल आणला होता, लाल झूल, शिंगांना सोनेरी कागद. गल्लीतली पोरं आपापले बैल दोरीनं ओढत मारुतीच्या देवळासमोर जमली आणि मग बोजाऱ्याचा खाऊ मागत घरोघर निघाली. आमची स्वारी कशी? पोट्टी माझ्या कडेवर आणि बैल माझ्या बगलेत! सवय जाते का लगेच? पहिल्याच दारात शेजारच्या काकू ताट घेऊन बाहेर आल्या, पोरांच्या बैलांना टिळा लावला, एकेकाच्या हातावर करंजी ठेवली. माझ्यापाशी येऊन थबकल्या. आम्हा दोघांना नीट न्याहाळलं आणि माझ्याच कपाळाला टिळा लावला. "बैल तू आणला, तं बोजारा तुलेच," म्हणाल्या आणि करंजी माझ्या तोंडात कोंबली! पोरं खो-खो हसायला लागली. एक टवाळ म्हणतो, "काका, तुमचा बैल पंक्चर हाये का?" आमच्या फाटकाशी माय आणि तुमची सून उभ्या होत्या, त्याही हसत होत्या. तोंडात करंजी, मला उलट बोलताही येईना.

मग मी ठेवली. बैल सिमेंटच्या रस्त्यावर ठेवला, बाजूला पोट्टी ठेवली, दोरी तिच्या हातात दिली आणि मागं सरलो. तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिनं दोरी फेकली, बसकण मारली आणि जे भोकाड पसरलं, बापा रे! दोन्ही हात वर करून माझ्याकडे बघत रडत होती. हात आपोआप पुढे जातात हो. तेवढ्यात फाटकातून मायचा आवाज आला, "उचलशील तं पाहा!" मी हात खिशात कोंबले. तुमची सून तोंडाला पदर लावून उभी, हसते की रडते तेही कळेना.

पोरांचा कळप खडखड करत पुढच्या दाराकडे निघाला. रडता रडता हिनं मान वळवली. रडणं थांबलं. बैलाच्या पाठीवर हात टेकून उठली, आणि त्याला ओढायचं सोडून मागून ढकलायला लागली. बैल पुढे, ही मागं, डुगडुग डुगडुग. पण पोरं भरभर चालली होती आणि बैल काही तेवढा पळेना. तर बाईसाहेबांनी काय करावं? बैलच सोडून दिला! रस्त्याच्या मधोमध! दोन्ही हात पसरून, पोट पुढे काढून, "ए! ए!" करत त्या पोरांच्या मागं निघाली. चालली, बाबूजी! माझ्याकडे एकदाही वळून न बघता!

आणि थोड्या अंतरावर आपटली. गुडघ्यांवर. मी धावलो आणि धावता धावता थांबलो. ते थांबणं कसं असतं ते काल कळलं मला. छातीत मुठी मारल्यासारखं होतं. पण तुमच्या-माझ्या थांबण्याची बरोबरी मी करणार नाही. तुम्ही वडिलांच्या धाकानं थांबलात, मी मायच्या, आणि डॉक्टरच्या, आणि मुख्य म्हणजे ती उठेल म्हणून. ती उठली. हात झटकले आणि म्हणाली, "ना!" कुणाला म्हणाली कोण जाणे. मग पुन्हा चालायला लागली, आणि अख्खी गल्ली ओरडली. तुमची सून धावत जाऊन रस्त्यातच खाली बसली. मी रस्त्यातला बैल उचलला आणि त्याचाच मुका घेतला. लोकांनी पाहिलं. पाहू दे.

आज सकाळपासून तिला कडेवर यायचंच नाही. मी हात पुढे केले की "ना!" आणि पळत सुटते. पळत! आता दुकानाच्या दाराला फळी लावावी लागेल, तारेचे तुकडे वर ठेवावे लागतील, विहिरीकडचं दार कायमचं लावून घ्यावं लागेल. कामं वाढली नुसती. मी इतका खूश आहे की एका गिऱ्हाइकाची तार उलटी गुंडाळली.

हा कागद कुठे टाकायचा, ते मलाच माहीत नाही. बहुतेक तीच फाडेल.

दुपारी ती दमून चटईवर झोपली. दुकानात कोणी नव्हतं. मी तिला हळूच उचलून घेतली. जागी असती तर येऊ दिलं नसतं. खांद्यावर मान टाकून झोपली होती, आणि मी तिला घेऊन उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो. फिरता फिरता मनात आलं, मी निजल्यावर तुम्ही मला कधी उचललंत का? आजोबा गावाला गेलेले असताना, घरात कोणी नसताना, एकदा तरी?

माय समोर ओसरीत तांदूळ निवडत बसली आहे. तिला नक्की माहीत असेल. पण तिला विचारलं तर ती खरं काय ते सांगून टाकेल, म्हणून तुम्हाला विचारतो आहे.