शिट्टीची दोरी

सर, तुम्ही असता तर म्हणाला असता, “का रं, इतक्या वर्षांनी आठवण झाली व्हय?” आठवण रोज होते. पाटोद्याच्या ज्या मैदानावर तुम्ही आम्हाला बेसबॉल शिकवला, तिथंच मी आता पोरींना शिकवतो. अजूनही रस्त्यानं जाणारा एखादा थांबून विचारतो, हे कोणतं क्रिकेट म्हणून. तुमची शिट्टी माझ्या गळ्यात असते. तुमच्या दहाव्याला तुमच्या गावी, पालीला आलो होतो तेव्हा काकूंनी ती आतून आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, तुझं नाव लई घ्यायचे. मला धड मान वर करता येईना.

मी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. पहिल्या बेसवरून पुढं पळू बघणारा रनर कसा रोखायचा, हे तुम्ही मला पुस्तकातून शिकवलंच नाही. तुमच्या घरी मेंढरं, तुमचं बालपण त्यांच्या मागं गेलेलं. एकदा सरावात रनर माझ्या नाकावर टिच्चून पाचच्या पाच वेळा दुसऱ्या बेसला पळाला, तेव्हा तुम्ही मला मैदानाच्या कडेला नेलं. तिथं जवारीच्या वावराजवळ एक शेळी चरत होती. “हिच्याकडं बघ,” म्हणालात. “जिला पिकात घुसायचं हाय ती पिकाकडं बघतच न्हाई. तोंड रस्त्याकडं, पाय वावराकडं. रनरचं तोंड बघू नको, टाच बघ.” शेळी खरंच घुसली. तुम्ही एक ढेकूळ उचलून टाकलं, तिच्या अंगावर नाही, पुढ्यात. ती मागं फिरली. बेसवरचा थ्रो असाच असतो, म्हणालात. दर वेळी आउट करायचं नसतं, आपण बघतोय एवढं त्याला कळलं तरी पुरे. पण फेकायचं कधी, ते तुम्ही ठरवणार. पिचरला गिरकी घेऊन फेकावं लागतं, बेसवर आपला माणूस तयार आहे का हे त्याला दिसत नाही, ते बघणं तुमचं काम. तुम्ही शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली की मी फेकायचं. न गुंडाळता फेकलं तर पाठीत धपाटा.

मग बीडची ती मॅच. शेवटचा डाव, आपण एका रननं पुढं, त्यांचा एक रनर पहिल्या बेसवर, एक तिसऱ्या. तुमचे दोन्ही हात गुडघ्यांवर आहेत, दोरी मोकळी लोंबतेय. मला पहिल्या बेसवरच्याची टाच हललेली दिसते आणि मी फेकतो. आपला पोरगा बेसवर नाहीच. बॉल कंपाउंडपर्यंत गेला आणि त्यांचे दोघंही पळत होमला पोचले, दोन रन झाले, आपण हरलो. संस्थेचे अध्यक्ष खुर्चीवरून उठून आले, सगळ्यांसमोर विचारलं, कुणाच्या डोक्यातून निघालं हे? मी म्हणालो, “सरांनी खूण केली.”

तुम्ही माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. “हां, मीच केली,” म्हणालात. “पोराची चूक न्हाई.” पुढच्या वर्षी तुमच्याकडून संघ काढून घेतला आणि तुम्हाला नांदूरघाटच्या शाखेत पाठवलं. तिथं बेसबॉल नव्हता. निवृत्त होईपर्यंत तुम्ही पोरांकडून कवायत करून घेत राहिलात. मी एकदाही भेटायला आलो नाही. तोंडच नव्हतं हो.

यंदा माझ्याकडं एक पिचर होती. तिला टाच बघायला शिकवावं लागलं नाही, घरी शेळ्या आहेत. आई-बाप ऊसतोडीला जातात, दरसाल दिवाळीनंतर तीही टोळीबरोबर जायची आणि शाळा बुडायची. यंदा मुख्याध्यापकांनी कबूल केलं होतं की चांगली खेळली तर वसतिगृहात एक जागा आहे, हिला ठेवून घेऊ. बापानं मुकादमाला सांगूनही ठेवलं होतं, पोरगी येणार न्हाई बहुतेक. शनिवारी मॅच झाली. मी दोरी बोटाला गुंडाळली. पहिला बेस राखणारी आमचीच पोर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती, तिकडं मी बघितलंच नाही. हिनं गिरकी घेतली आणि फेकला, अगदी बेसवर, जिथं फेकायला हवा तिथंच. बॉल लांब गेला, मॅच गेली. मुख्याध्यापक आले, म्हणाले, ही न सांगता फेकते का? आणि माझ्या तोंडून निघालं, “मी कुठं सांगितलं होतं?”

दोरी तेव्हाही माझ्या बोटाला होती, सर. तिनं ती बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

“चुकलं सर,” म्हणाली.

ऐकत नाही तिला ठेवून काय करायचं, असं म्हणून मुख्याध्यापकांनी जागा दुसरीला दिली. काल टोळी निघाली. सांगून टाकावं म्हणून मी नाक्यावर गेलतो. ट्रकवर भांडीकुंडी, बाजा, कोंबड्यांची डालगी, आणि त्यात आईशेजारी ती. मला बघून तिनं विचारलं, आल्यावर खेळू द्याल का? मी म्हणालो, “नीट जा.” एवढंच म्हणालो. ट्रक गेल्यावर चहाच्या टपरीमागं जाऊन रडलो. या वयात.

तुम्ही माझं खोटं स्वतःवर घेतलंत. मला माझं खरंसुद्धा घेता आलं नाही. खरं तर कागद तिच्यासाठी घेतला होता, पण ती कोणत्या कारखान्यावर गेली ते मला माहीत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलो. तुम्हाला तरी कुठं पोचणार आहे? आज शिट्टी घरीच ठेवली. सकाळपासून मुख्याध्यापकांच्या खोलीवरून तीनदा गेलो. दार उघडं होतं, ते एकटेच बसले होते. आत गेलो नाही.